नव्या नावेची पहिली हाक

त्या पिशव्या आधी पाठीवरून काढा. मोठं माणूस बोलत असताना पाठीला बोजा लावून उठायच्या बेतात बसलेलं मला खपत नाही. हां. आता नीट बसा. सिद्धू, तो कंदील तिकडं सरकव, डोळ्यांवर येतोय.

तर कुपवाडच्या कारखान्यात रजा टाकून निघालात म्हणा. कऱ्हाडला नाव ठरवायची, पिशव्या आत टाकायच्या आणि कृष्णामाईच्या पाण्यावरून डुलत डुलत सांगलीला उतरायचं. रात्रीही नावेतच काढायच्या. का? तर मजा! दाराशी यष्टी येते, बुडाखाली फटफटी आहे, आणि यांना नाव पाहिजे. आम्ही नावेत बसायचो ते दुसरा इलाज नसला म्हणून.

जा की. मी कोण अडवणारा? चौथी नापास माणूस. पण जायच्या आधी एवढं ऐकून जा. ही गोष्ट माझी नाही आणि माझ्या मनची तर नाहीच नाही. तुमच्या कारखान्याशेजारच्या शेडवर राखणदार बसतो ना, कृष्णात फौजी? वय फार नाही पण मिशा पांढऱ्या झालेल्या, दिवेलागण झाली की कुणाशी बोलत नाही? तुम्ही पोरं त्याला 'घुम्या' म्हणता. मला ठाऊक आहे, माना खाली घालू नका. त्याची ही गोष्ट. त्यानं मला एकदाच सांगितली. गुंडा आंबी, म्हणजे या गोष्टीतला नावाडी, त्यानं निराळी सांगितली, निराळ्या वर्षी. दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक निघाला नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. पण दोन माणसं एकसारखं खोटं बोलत नसतात.

साल चौऱ्याहत्तर. भादवा. पितरांचा पंधरवडा लागलेला. वद्य पंचमीची रात्र.

गुंडा आंबी कऱ्हाडला आला होता तो नव्या नावेसाठी. त्याचं गाव खालच्या अंगाला, औदुंबराच्या आसपास. त्या साली पुरात गावची जुनी नाव दोर तोडून गेली. पल्याड शेतं, पल्याड शाळा, दुधाच्या घागरी पल्याड जायच्या. सगळं अडून बसलं. म्हणून कऱ्हाडच्या सुताराकडं नवी नाव सांगितली होती. नाव तयार झाली, पण सुतार म्हणाला, "गुंडा, पितरांचा पंधरवडा हाय. नवी वस्तू पाण्यात घालू नगंस. घट बसू देत, मग ने."

गुंडा म्हणाला, "माझी पोरं शाळा बुडाली म्हनून उनाड हिंडत्यात, ती घट बसूस्तवर काय घागरीवर बसून जात्याल?"

सुतारानं घाटावर नारळ फोडला, नावेच्या नाकाला हळद-कुंकू लावलं, आणि जाताना एवढंच बजावलं, "पयली हाक मोडू नगंस मातुर."

आता ही पहिली हाक म्हणजे काय, ते तुम्हा पोरांना कशाला ठाऊक असणार. नवी नाव पाण्यात पडून तिचा दोर सुटला की काठावरून तिला पहिली हाक जो मारील, त्याच्याकडं जायचं. राजा असो, भिकारी असो. त्याला फुकट बसवायचं, गुळाचा खडा द्यायचा, तो म्हणेल तिथं सोडायचं. मग नाव जन्मभर माणसं सुखरूप उतरवते. ही हाक मोडली तर काय होतं, ते कुणी सांगत नाही. कारण कुणी मोडत नाही.

गुंडा दोर सोडणार, तेवढ्यात घाटाच्या तीन-तीन पायऱ्या ओलांडत एक फौजी खाली आला. अंगावर चुरगळलेली वर्दी, पाठीवर फुगलेला पिट्टू, खांद्याला पाण्याची बाटली. हा कृष्णात.

"मामा, खाली चाललाय न्हवं? मला घ्या."

"नाव नवी हाय, फौजी. अजून तिची..."

"मामा, आई जायाला लागलीया."

गुंडानं हात पुढं केला आणि फौजीला आत घेतलं. तो दोर सोडायच्या आधीच आत बसलेला माणूस, तेव्हा त्याची हाक काठावरची धरायची नाही, असं गुंडानं मनाशी धरलं.

कृष्णातला तार मिळाली होती वर काश्मीरच्या अंगाला. आई अत्यवस्थ, निघ. गाडीत कधी उभ्यानं, कधी बोगीच्या दाराशी बसून, तो कसाबसा कऱ्हाडपर्यंत आला. आणि कऱ्हाडला यष्टीचा मास्तर म्हणाला, पुढं ओढ्यांना फुगवटा आहे, गाडी उद्या सकाळी सोडू की नको ते बघू. सकाळी! त्याचं गाव गुंडाच्या गावाच्या अलीकडं, नदीला चिकटून. रस्ता बंद, पण नदी थेट घराच्या परसात जाते. म्हणून तो घाटाकडं पळाला.

आईचा एकुलता एक. बाप लहानपणी गेलेला. हरणाबाईनं दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजून पोर वाढवलं. गेल्या रजेला तो परत निघाला, तेव्हा तिनं त्याच्या बाटलीत घरच्या रांजणातलं पाणी भरलं आणि म्हणाली, "किस्ना, मरताना माझ्या तोंडात पानी तुझ्या हातचं पडाय पायजे. दुसऱ्या कुणाच्या हातचं मी पिनार न्हाई, आधीच सांगून ठिवते."

"मग मर कवातरी रजंच्या दिसांत," तो हसून म्हणाला होता.

तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. आणि बाटलीचं बूच तो लावायला विसरला होता, ते स्वतः बसवून, वरून अंगठ्यानं दाबून घट्ट केलं. "भांडं उघडं टाकू नये रं. कितींदा सांगू?" अख्ख्या गल्लीत ती याच्यासाठी प्रसिद्ध होती. शेजारणीच्या घरात गेली तरी उघडा तांब्या दिसला की झाकण ठेवून यायची.

एवढं ध्यानात ठेवा.

नाव निघाली. पूर ओसरत आलेला, पाणी गढूळ, आणि धार मंद. तुम्हाला वाटतं नदी वाहते म्हणजे पळते. पळत नाही. नदी आपल्या मर्जीनं चालते. वळणावर थांबल्यासारखी होते, डोहात झोपल्यासारखी होते. कृष्णात नावेच्या पुढच्या टोकाला बसला तो पिट्टूसकट. गुंडा म्हणाला, "ओझं उतरवा की, फौजी."

"नगं. गाव आलं की उडी मारून जायाचं हाय."

"गाव उद्याच्या फाटंला येनार."

"तरी बी नगं."

दुपार गेली. काठावर ऊस, बाभळी, मळ्यातली माणसं. एक बाई म्हशी धूत होती, तिनं मान वर करून बघितलं, बोलली नाही. कृष्णात मनातल्या मनात तिच्या पाया पडला, की बये, हाक मारू नकोस. गुंडानं त्याला पहिल्या हाकेचं सांगितलेलं होतं ना. तेव्हापासून याचा जीव काठाला टांगलेला. एकानं हाक मारली की काठाला लागा, त्याला बसवा, तो म्हणेल तिथं सोडा. त्यात रात्र गेली तर? काठावर माणूस दिसलं की हा तोंड फिरवून बसे.

बह्याचं बेट मागं पडलं तेव्हा दिवस मावळला. दूर कुठंतरी देवळात घंटा वाजली. गुंडानं कंदील लावला.

आणि उजव्या काठावरून हाक आली.

"नाववाल्याऽऽ..."

बाईमाणसाचा आवाज. म्हातारा, बसलेला. वाऱ्यानं अर्धा खाल्लेला.

गुंडानं हात जोडले आणि नाव काठाकडं वळवायला घेतली. अंधारात हाक आली की नावाडी आधी विचारतो, तशी त्यानं आरोळी दिली, "कुण्या घरचं?"

उत्तर नाही. थोड्या वेळानं आवाज आला.

"पानी... जरा पानी पाज रं..."

गुंडाचे हात थांबले. नदीकाठी उभी राहून पाणी मागते?

पण पहिली हाक होती. त्यानं बांबू रेटला. तेवढ्यात कृष्णात उठला, आणि गुंडाच्या हातातला बांबू त्यानं ओढून घेतला.

"फौजी! नव्या नावंची पयली हाक हाय!"

"असू दे. माझी आई मरायला लागलीया तिकडं."

"मोडू नये, माझं ऐका..."

"तू गप बस!" दिवसभर मामा-मामा करणाऱ्या पोराच्या तोंडात पहिल्यांदा 'तू' आला. त्यानं बांबू तळाला टेकवून नाव धारेत ढकलली. मग काठाकडं तोंड केलं आणि फौजेत ज्या आवाजात हुकूम देतात, त्या आवाजात ओरडला, "म्हातारे! एवढी नदी पुढ्यात हाय! वाक आन् पी!"

काठ गप्प झाला.

नाव पुढं निघाली. बरंच पुढं आल्यावर गुंडा हळू म्हणाला, "आपल्या हातानं पिता आलं असतं, तर तिनं हाक कशाला मारली असती?"

कृष्णातनं बांबू परत दिला. जाऊन आपल्या जागी बसला.

सिद्धू, हसायचं काय त्यात? हसलास. मी बघितलं. तुझ्या आजीनं हाक मारली तर तू ओ देतोस का, ते विचारू का सगळ्यांदेखत? गप बस मग.

चंद्र अजून उगवायचा होता. अंधार असा की नावेचं नाक दिसत नव्हतं. कंदिलाचा उजेड पाण्यावर पडून तिथंच विरत होता. गुंडा कानानं नाव चालवत होता. दरड कुठं, भोवरा कुठं, सगळं आवाजावरून. आणि त्या आवाजांत एकदम...

"पानी..."

या वेळी डाव्या काठावरून.

गुंडानं कंदील घोंगडीखाली घातला.

"तीच हाय," तो कुजबुजला.

"दुसरी असंल कुनीतरी."

"फौजी, सांज धरनं आपुन धारंत हाय. बाई झपाझपा चालून आपल्या म्होरं आली, एवढं बी मानतो. पर ती मघाशी उजवीकडं हुती. नदी कशी वलांडली?"

कृष्णातनं काळोखात डाव्या काठाकडं डोळे ताणले.

"तवा हाक घिऊन गेलो असतो तर..." गुंडा म्हणाला, आणि पुढचं गिळलं.

"पानी... पाज रं..."

आवाज नावेच्या बरोबर येत होता. नाव जेवढी सरके, तेवढा आवाज सरके. पायांखाली पाचोळा वाजत नव्हता. फांदी हलत नव्हती. नुसता आवाज. दमलेला. कोरडा. जिभेला चिकटलेला.

कृष्णातनं कानांत बोटं घातली. युद्धावर जाऊन आलेला माणूस तो. पण कानांत बोटं घालून, पिट्टूला टेकून, गुडघ्यात डोकं घालून बसला. मनाला सांगत राहिला, गाव येईल. गाव आलं की संपलं. आई बाजेवर असेल. कोपऱ्यात रांजण असेल. आपण तांब्या बुडवू, आणि...

नाव चालतच होती. तशीच. हळू. वल्हं मारलं काय, न मारलं काय.

एका ओढ्याच्या तोंडाशी आवाज मागं राहिला. गुंडानं कंदील बाहेर काढला नाही.

मग चंद्र आला. अर्ध्याहून थोडा मोठा, लालसर, उसाच्या शेंड्यांमागून. पाणी दिसायला लागलं. पुढं नदी रुंद झाली होती. मोठा डोह. डोहाच्या कडेला जुना पायऱ्यांचा घाट, आणि खालच्या पायरीवर, पाण्याला लागून, कुणीतरी उभं होतं.

डोक्यावरून पदर. वाकलेलं अंग. हात पुढं.

हाक नाही.

डोहात धार नसते. नाव जागच्या जागी डुलायला लागली. घाट जवळ येईना, लांबही जाईना. वारा पडला. बेडूकसुद्धा गप्प.

गुंडाच्या तोंडून सवयीनं निघालं. तो म्हणायचा, मी विचारलं नाही, माझ्या जिभेनं विचारलं.

"कुण्या... घरचं?"

आणि पायरीवरून उत्तर आलं. अगदी साधं. दारात उभं राहून सांगावं तसं.

"किस्नाच्या घरची."

गुंडाला काही कळलं नाही. त्यानं मान वळवली. "फौजी... तुमचं नाव काय म्हनला?"

कृष्णात उभा राहिला होता.

"मामा," तो म्हणाला. "मामा, नाव काठाला लावा."

"काय?"

"लावा नाव काठाला! माझी आई हाय ती!"

गुंडानं बांबू घातला. बांबू गेला... गेला... मूठभर टोक उरलं, तरी तळ नाही. डोहाला तळ लागत नाही. मग वल्हं घेतलं. एका बाजूनं मारलं, दुसऱ्या बाजूनं मारलं. नाव तिथल्या तिथं फिरली. घाट पाठीमागं गेला, परत पुढ्यात आला. तेवढाच लांब. कृष्णात फळकुटानं पाणी कापायला लागला. हातानं कापायला लागला. नखं फुटली. नाव हलेना. आयुष्यभर नदीवर जगलेला गुंडा, आणि रणगाड्यांसमोर उभा राहिलेला कृष्णात. दोघं मिळून एक नाव काठाला लावू शकले नाहीत.

मघाशी काठ जवळ होता. बांबू तळाला टेकत होता. तेव्हा लावायची नव्हती.

"आई!" तो ओरडला. "आई, मी ईतो! थांब!"

आणि त्यानं कडेवर पाय ठेवला. गुंडानं झडप घालून पिट्टूचा पट्टा धरला, दोन्ही हातांनी, आणि नावेत आडवा पडला.

"सोडा!"

"आईला भेटाय निघालाईस का आईच्या संगट जायाला?" गुंडा दात खाऊन म्हणाला. आता त्याचंही 'अहो-जाहो' संपलं होतं. "ओझ्यासकट तळाला जाशील, येड्या!"

कृष्णात तडफडला. पट्टा सुटला नाही. नवी सुतळी, पक्के टाके, फौजेचं काम. दिवसभर उतरवला नाही तो पिट्टू आता उतरेना.

तो थांबला. त्याच्या लक्षात आलं.

खांद्याला बाटली होती. सारा दिवस घोट घेतला नव्हता. कऱ्हाडला यष्टीच्या थांब्यावर भरलेली, काठोकाठ.

त्यानं बाटली काढली. बूच काढलं, म्हणजे तिला उघडावं लागू नये. आजारपणानं तिच्या हातांत आता जोर उरला नसणार. बूच साखळीनं बाटलीला लटकत राहिलं. आणि मग त्यानं घाटाच्या रोखानं, सगळ्या अंगाचा जोर लावून, बाटली फेकली.

"आई, पी! माझ्या हातचं हाय..."

दोघांनी कान दिले.

पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही.

दगडावर आपटल्याचा आवाज आला नाही.

काही नाही.

बघितलं तर पायरी मोकळी. चंद्राचा उजेड नुसता. आणि नाव आपोआप हलली. डोहातून बाहेर निघाली, धारेला लागली, जशी काही कुणी मागून हात लावून ढकलली.

उरलेली रात्र गुंडानं वल्हं धरलं नाही, आणि कृष्णातनं मान वर केली नाही. तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं, असं गुंडा म्हणतो. नुसता बसून होता. खांद्याचा जो भाग रिकामा झाला होता, तिथं हात लावून.

नाव चालत होती. आपल्या चालीनं. मारुतीच्या देवळाची कमान आली, बाभळींची रांग आली, ओळखीचा पार आला. सगळं येत होतं, एक एक करून, आणि त्याला लवकर यायला सांगता येत नव्हतं. उशिरा या, असंही आता सांगता येत नव्हतं.

फटफटलं तेव्हा गाव आलं. घाटावर माणसं होती. दोघं-तिघं सरणाची लाकडं उतरवत होते. एकानं वर बघितलं, नावेतला फौजी ओळखला, आणि हातातलं लाकूड खाली ठेवलं.

कृष्णात पायऱ्या चढून गेला. पळाला नाही.

दारात मनुबाई होती, शेजारीण. तिनं त्याचे हात धरले. "किस्ना... काल गेली रं. दिवा लावायच्या वक्ताला."

दिवेलागण. बेट मागं पडलं, देवळात घंटा वाजली, तेव्हा.

"पानी पानी करत हुती," मनुबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "आमी तुळशीचं पानी घालाय गेलो तर दात मिटून घेतलं. 'किस्नाच्या हातचं' म्हनली. आन् तशीच गेली. कोरड्या तोंडानं."

कृष्णात आत गेला.

हरणाबाईला भुईवर निजवली होती. उशाला पणती. भोवती रात्रभर जागलेल्या बायका. तो गुडघ्यावर बसला आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. मनुबाईपण वाकली, आणि वाकलेलीच राहिली. कारण ओठ ओले होते. हनुवटीवरून एक थेंब मानेपर्यंत गेला होता, आणि मानेखालची जमीन भिजली होती.

"हे... कवा?" मनुबाई बायकांकडं बघून म्हणाली. "कुनी पाजलं?"

बायकांनी एकमेकींकडं बघितलं.

मग तिनं उशाकडं बोट दाखवलं. "आन् ती बाटली तुझीच हाय न्हवं? मधल्या रातीला आमाला दिसली. वाटलं, मागल्या रजंला इसरून गेला असशील, कुठल्या पोरानं काढून ठिवली असंल."

पणतीच्या मागं बाटली होती. खाकी कापडाची, कापड भिजून काळं पडलेलं. बुडावर त्यानं स्वतः खिळ्यानं खरवडलेला आपला फौजेचा नंबर.

कृष्णातनं ती उचलली. हलवली. आत थेंब नव्हता.

पण बूच लावलेलं होतं. वरून अंगठ्यानं दाबून, घट्ट.